बोया बांधलेली किल्ली

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरात दरवर्षी काहीतरी सापडतं, आणि बहुतेक वेळा ते मीच लपवलेलं असतं. यंदा किल्ली सापडली. शोकेसच्या सगळ्यांत खालच्या खणात, जुन्या रेशनकार्डाखाली. पितळेची, काळवंडलेली, आणि तिला निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेला एक बोया. बोया म्हणजे मासेमारीचं जाळं पाण्यावर तरंगतं ठेवणारा हलका तुकडा. हा लिंबाएवढा असेल. सुनंदाने किल्ली फडक्यासकट उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"टाकायची की ठेवायची?"

"ठेव."

"त्या दाराचं कुलूप बदलून किती वर्षं झाली, माहितेय ना?"

माहीत आहे. पण बायको चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केल्यावर प्रश्न माहितीसाठी विचारत नाही. ती फडकं झटकून स्वयंपाकघरात गेली आणि मी ती किल्ली हातात घेऊन खिडकीशी बसलो. बाहेर ऑक्टोबर होता. पाऊस गेला आणि थंडी यायचं नाव नाही, असा हा नवी मुंबईचा खास महिना. बनियन पाठीला चिकटतो, पंखा गरम हवा इकडची तिकडे करतो, आणि दुपारी ओहोटी लागली की खाडीच्या उघड्या चिखलाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. खाडी आता आमच्या खिडकीतून दिसत नाही, मधे बऱ्याच इमारती आल्या. वासाला मात्र कुणी अडवू शकलेलं नाही. तो आला की मला अजून माझ्याच घरात चोरट्यासारखं वाटतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा माणसं कमी आणि रस्ते रुंद होते. रस्ता कुठे जातो हे रस्त्यालाही माहीत नसे. तो जाऊन मिठागरापाशी थांबायचा. दोन इमारतींच्या मधे ऑक्टोबरात भात पिवळं पडायचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. गाव साताऱ्याकडचं, म्हणजे पाण्याशी माझा संबंध विहिरीपुरता. असा माणूस समुद्राशेजारी राहायला आला की त्याला समुद्रातलं सगळं कळायला लागतं. निदान मला तरी लागलं.

सुनंदाचा भाऊ सुरेश बोटीवर होता. गणपती झाल्यावर तो कोलंबोहून आला तो प्लॅस्टिकच्या फुगवलेल्या पिशव्या घेऊन. पिशव्यांत पाच मासे. बोटभर लांबीचे.

"दाजी, फेअरी रॅस म्हणतात यांना. परीमासे. खाऱ्या पाण्यातच जगतात हं."

चार मासे फिकट गुलाबी, साधे, आपण दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असे. पाचवा मात्र नवरदेव होता. अंगावर जांभळट तांबडा रंग, पोटाकडे पांढरा, आणि पंख पसरले की जणू कुणीतरी शालू उलगडला. मी वाचनालयातून रंगीत चित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि चित्रं बघून एका रविवारात पाचही मासे ओळखून टाकले. मोठा एका जातीचा, उरलेले चार वेगळ्या जातीचे. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांवर लॅटिन नावं लिहून टाकीच्या काचेवर चिकटवली. पुस्तकात चित्रांच्या मधे मजकूरही होता. तो मी नंतर वाचणार होतो.

टाकी मोठी होती, चार फुटी, लोखंडी चौकटीची, दिवाणखान्याची अर्धी भिंत अडवून बसलेली. प्रश्न पाण्याचा होता. वाशीच्या खाडीतलं पाणी घातलं तर मासे दिसलेच नसते. तो प्रश्न हिराबाईंनी सोडवला. त्या करावे गावातून पाटी घेऊन आमच्या इमारतीत मासे विकायला यायच्या. सुनंदाने जिन्यात बोंबील निवडता निवडता त्यांना आमची अडचण सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान, जोमादादा, दोन मोठे कॅन खांद्याला लावून तीन मजले चढून आले. पन्नाशीचा, काळासावळा, हडकुळा माणूस. होडी घेऊन ते उरणच्या बाजूला लांब जायचे, आणि भरतीचं स्वच्छ पाणी आमच्यासाठी भरून आणायचे.

ते टाकीसमोर उकिडवे बसायचे. बराच वेळ. मी त्यांना लॅटिन नावं सांगायचो. ते "हां मास्तर, हां मास्तर" म्हणायचे.

त्या महिन्यातले माझे पराक्रम पुढे मी खूप ठिकाणी रंगवून सांगितले आहेत. शिक्षकांच्या खोलीत, लग्नांच्या पंगतीत, इमारतीच्या गच्चीवर. एका पहाटे मी टाकीपाशी गेलो तर वाळूजवळ एक मासा चिकट, पारदर्शक फुग्यात गुंडाळलेला. मी ओळखलं, बुरशी. लगेच बादलीत औषधाचं निळं पाणी केलं, चहाच्या गाळणीने त्या माशाला उचललं आणि त्यात सोडणार इतक्यात दारात जोमादादा. कॅन खाली ठेवून धावतच आले.

"मास्तर, काय करताव? निजलाय तो."

"अहो, बुरशी आहे ती."

"बुरशी कसली. गोधरी घेतलीय त्यानं. ऊन आलं का काढंल."

आणि काढली. सात वाजता गोधडी बाजूला सारून मासा फिरायला निघाला, आणि मी निळ्या पाण्याची बादली घेऊन उभा. माझी नखं आठवडाभर निळी होती. वर्गातली मुलं विचारायची, सर, काय झालं? मी म्हणायचो, प्रयोग.

दुसरा पराक्रम आरशाचा. मोठ्या नराला दुसरा नर दिसला की तो पंख ताणून सगळे रंग पेटवतो, हे मी योगायोगाने शोधून काढलं. सुनंदाचा हातातला आरसा काचेला टेकवला की झालं, नवरदेव आपल्याच प्रतिबिंबावर धावून जायचा. पाहुणे आले की मी आरसा लावायचो. समोरच्या सावंतवहिनी तर माहेरच्या माणसांना घेऊन यायच्या. "सर, लावा ना तुमचा सिनेमा." मी सिनेमा लावायचो. मासा आरशाशी भांडून दमायचा, आणि टाळ्या मी घ्यायचो.

जोमादादांनी एकदाच म्हटलं, "मास्तर, त्याला रोज राग आनू नका. राग आला का मावरं उरतं." मावरं म्हणजे मासे, आणि उरतं म्हणजे उडतं, एवढं मला तोपर्यंत कळायला लागलं होतं. उडू नयेत म्हणून तर मी टाकीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधला होता. हवेच्या नळीसाठी त्याचा एक कोपरा मीच कापला होता, बोटभर.

गोष्ट इथपर्यंत आली की ऐकणारे हसून हसून बेजार झालेले असतात. मग मी पाण्याचा घोट घेतो आणि म्हणतो, असे आमचे मासे. गोष्ट संपते. चाळीस वर्षं ती इथेच संपत आली आहे. स्वतःच्या फजितीवर लोकांना हसवण्यात एक सोय असते, फजिती कोणती सांगायची ते आपण निवडतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन आठवडे गावी निघालो. माशांना खायला घालणार कोण, पाणी बदलणार कोण? मी जोमादादांना घराची किल्ली दिली. सावंतवहिनींनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "गावातल्या माणसाच्या हातात अख्खं घर देताय सर?" मी मोठ्या मनाचं हसलो. त्या हसण्याची आठवण आली की आजही कान गरम होतात.

जोमादादांनी किल्ली दोन्ही हातांनी घेतली. बनियनच्या आतल्या खिशातून निळा दोरा काढला, कमरेच्या पिशवीतून जाळ्याचा जुना बोया काढला आणि तिथेच, माझ्यासमोर, दोरा तीनदा वळवून गाठ मारली.

"हे कशाला?"

"होरीत असताव आमी. हातातून सुटली तर तरंगंल. तुमचं घर बुडायला नको."

गावी निघायच्या दिवशी सकाळी सावंतवहिनींचे भाऊ आले होते. त्यांना मी घाईघाईत सिनेमा दाखवला. मग रिक्षा आली, सामान उतरवलं, दार ओढलं. आरसा काचेला टेकलेलाच राहिला.

गावी त्या वर्षी काय केलं ते मला फारसं आठवत नाही. शेवया, ऊस, भाच्यांचे फटाके. आठवतं ते परत आलेली संध्याकाळ. दार उघडं होतं. जोमादादा आत टाकीसमोर नेहमीसारखे उकिडवे. आमची वाट पाहात होते. घर झाडलेलं, माठात ताजं पाणी. त्यांचा चेहरा काहीतरी दाखवायला उतावीळ झालेल्या माणसाचा होता, हे मला आज कळतं. तेव्हा मी मासे मोजत होतो.

चार.

आणि मोठा नर नव्हता. त्याच्या जागी एक रंगीत मासा होता खरा, पण लहान. तांबूस, जांभळी झाक आलेला, अर्धवट रंगवून सोडल्यासारखा. साधे गुलाबी तीनच.

"जोमादादा, मोठा कुठाय?"

"मास्तर, आदी बसा. सांगतो."

"कुठाय?"

"तो गेला. तुमी गेलेव त्याच्या दुसऱ्या दिशी. सकाली मना भिंतीपाशी गावला, सुकलेला. आरसा लावलेला व्हता, तो मी काढला." मग त्यांनी टाकीकडे हात केला आणि त्यांचा आवाज बदलला, हरखला. "पन ही गंमत बगा. ह्यांतलीच मोठी मादी रंगाय लागली. रोज थोरी थोरी. मी रोज येऊन बगत व्हतो. आता नर झाली बगा ती."

सावंतवहिनी आमची चाहूल लागून दारात येऊन उभ्या होत्या. दोन पायऱ्यांवर वरच्या मजल्यावरचे दोघंतिघं. मी साताऱ्याच्या एस.टी.त सात तास बसून आलो होतो, आणि मी विज्ञानाचा शिक्षक होतो. टाकीवर माझ्या हस्ताक्षरात दोन जाती लिहिलेल्या होत्या.

"म्हणजे एका जातीचा मासा दुसऱ्या जातीचा झाला," मी म्हणालो. "तोही बाईचा बुवा होऊन. उद्या सावंतवहिनींची मांजर वाघ होईल."

सावंतवहिनी हसल्या. पायऱ्यांवरचे हसले. हीच माझी खोड आहे. एक माणूस हसला की मला थांबता येत नाही.

"दर्यात हाय तसं मावरं," जोमादादा म्हणाले. "हेकरूचं बगा ना. बारक्या हेकरूत गाबोली मिलते. मोठ्या हेकरूत कवा मिलली? मोठं झालं का त्याचा नरच होतो. आमचा बापूस सांगायचा." हेकरू म्हणजे खडकांत राहणारा एक मोठा मासा, आणि गाबोली म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, गाभोळी.

"बरं, मग मेलेला मासा दाखवा."

"तो मी होरीतून नेऊन दर्यात सोरला. तिकरचा व्हता तो."

"वा. म्हणजे पुरावाही पाण्यात." पुन्हा हशा. आणि मग मी ते वाक्य बोललो. आवाज न चढवता, शिक्षकाच्या आवाजात, वर्गातल्या पोराला समजावतात तसा. "जोमादादा, खरं सांगा, रागावणार नाही मी. स्टेशनरीच्या दुकानाशेजारी ते माशांचं नवीन दुकान निघालंय, त्याला दिलात ना मोठा? आणि हा त्याच्याकडचा बदली?"

कुणी हसलं नाही. सुनंदा हातातली पिशवी खाली न ठेवता उभी होती. जोमादादा उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठले, तोपर्यंत ते मला कधी म्हातारे दिसले नव्हते.

"मास्तर, मावरं इकतो आमी," ते म्हणाले. "तुमचं नाय इकलं."

त्यांनी बनियनच्या आतून किल्ली काढली, टेबलावर ठेवली. बोया गडगडत कडेला गेला, तो त्यांनी पडू नये म्हणून आत सरकवला. मग दारातल्या माणसांमधून वाट काढत ते खाली गेले.

ते गेल्यावर सुनंदा एवढंच म्हणाली, "मोठ्या हेकरूत गाभोळी नसतेच. हिराबाई मला मागेच म्हणाल्या होत्या."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही सगळ्यांना हसवत होतात ना."

पुढच्या आठवड्यात हिराबाई आमच्या जिन्यात आल्या नाहीत. त्यानंतर आल्या तेव्हा सावंतवहिनींनी दार अर्धंच उघडलं आणि "नको आज" म्हणाल्या. वरच्यांनी तेवढंही उघडलं नाही. मग त्यांची पाटी आमच्या फाटकावरून सरळ पुढे जायला लागली, शेजारच्या इमारतीकडे, आणि तिथूनही काही दिवसांनी पुढे. वसाहत नवीन होती. माणसं एकमेकांना फारशी ओळखत नव्हती, त्यामुळे एकमेकांबद्दल ऐकलेलं सगळं खरं मानत होती. मी खिडकीतून ती पाटी जाताना पाहायचो आणि स्वतःला सांगायचो की मी सावंतवहिनींना काही करायला सांगितलेलं नाही.

मी मुलांना नेहमी सांगायचो, निरीक्षण करा, नोंद ठेवा. म्हणून माझीही वही होती. मासे आले त्या आठवड्यात मी पाचांचीही चित्रं काढली होती. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आता हा नवा कोण ते लिहावं म्हणून, मी वही उघडून टाकीसमोर बसलो. साध्या माशांपैकी सगळ्यांत मोठीच्या चित्राखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: पाठीचा पंख मागच्या टोकाला त्रिकोणी तुटलेला, पिशवीतून काढताना जाळीत अडकून, नाव ठेवलं कातरी.

मी वर पाहिलं. रंगीत मासा काचेपाशी आला, वळला. पाठीचा पंख मागच्या टोकाला त्रिकोणी तुटलेला होता.

बराच वेळ मी तो पंख बघत बसलो. मग वाचनालयाचं पुस्तक काढलं आणि चित्रांच्या मधला मजकूर पहिल्यांदा वाचला. सगळं होतं त्यात. सगळे जन्मतः साधे. घोळक्यातला नर गेला की सगळ्यांत मोठी मादी रंग धरते. दोन जाती नव्हत्याच, पाचही एकाच जातीचे. आरशाबद्दलही एक ओळ होती. नर बिथरून उडी मारतात, अगदी बोटभर फटीतून. मी टाकीमागच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला. भिंतीच्या पायाशी एक जांभळट खवला चिकटून वाळला होता.

काचेवरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या मी त्याच वेळी काढल्या. तेवढं लगेच जमलं.

करावेला जायला मला दोन रविवार लागले. सुनंदाने डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले, न मागता. गावात शिरलो तर दारांसमोर सुकट वाळत घातलेली, ओट्यांवर जाळी. आमच्या इमारतीपासून सायकलवर जाण्याइतकं जवळ, आणि मी तोवर एकदाही तिथे गेलो नव्हतो. हिराबाई दारातच होत्या. त्यांनी पदर सावरला. बसा म्हणाल्या नाहीत.

"दर्यावर गेलेत. काय काम व्हतं?"

मी पूर्ण रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो. चूक, माफी, सगळे शब्द होते त्यात. डबा हातात होता.

"पाणी हवं होतं," मी म्हणालो.

"सांगते."

मी डबा तसाच परत आणला. सुनंदाने तो ओट्यावर पाहिला, झाकण न उघडता फळीवर ठेवून दिला.

ते मासे पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगले. मग खाऱ्या पाण्याने लोखंडी चौकट खाल्ली, एका दुपारी टाकी गळायला लागली आणि तो नाद संपला. त्या जागी शोकेस आलं. आता वाशीतल्या मॉलमध्ये असे मासे काचेत ठेवलेले असतात, खाली छापील पाट्या. मी तिथे थांबत नाही. नातवंडं ओढतात, मी म्हणतो पाय दुखतात.

करावेला गेलो त्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी खालून हाक आली. "मास्तर, पानी." मी खाली गेलो. जोमादादा जिन्याच्या पहिल्या पायरीच्या अलीकडे उभे होते. दोन कॅन पायरीवर ठेवलेले, काठोकाठ भरलेले, स्वच्छ. एरवी ते तीन मजले चढायचे. त्या दिवशी त्यांनी पायरीवर पाय ठेवला नाही, आणि पुढेही कधी ठेवला नाही. पाणी मात्र पावसाळा लागेपर्यंत वेळेवर आणलं.

मी कॅनच्या कड्या धरल्या. आमच्या दोघांत ते कॅन होते. बोलायचं तर हीच वेळ होती, हे मला कळत होतं.

तेच बोलले, माझ्याकडे न बघता, कॅनच्या झाकणाकडे बघत. "तो बरा हाय ना? रंगलेला?"

रंगलेला. हा शब्द वापरायला त्यांना काहीच हरकत नव्हती. हरकत माझी होती.

"बरा आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत ती टाकीसमोरची हरखलेली झाक येऊन गेली. मी कबूल केलं होतं, आणि ते त्यांना समजलं होतं. मग त्यांनी माझ्या मागे वर पाहिलं, आणि ती झाक गेली. ते वळून फाटकाकडे चालू लागले.

सावंतवहिनी कठड्यावरून वाकून उभ्या होत्या. फाटक अजून वाजलं नव्हतं, म्हणजे जोमादादा ऐकू येण्याइतके जवळ होते.

"काय म्हणत होता हो तो, सर?"

माझ्या हातात दोन्ही कॅन होते. सैल झाकणांतून पाणी हिंदकळून माझ्या पावलांवर सांडत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "पाण्याचं."